चित्रकथेतील वर्ण व वंशचित्रण

क्रमाने मांडलेल्या चौकटींतील चित्रे व त्यांतील संवाद यांच्या द्वारा कथा सांगणाऱ्या प्रकाशनांत, म्हणजे चित्रकथांत किंवा कॉमिक्समध्ये, पात्राची कांती, चेहरेपट्टी, वेशभूषा व नाव यांवरून त्याचा वंश, जात, धर्म वा प्रदेश सूचित करण्याची पद्धती. चित्रकथेच्या चौकटीत जागा थोडी असते व वाचकाची नजर तीवरून चटकन पुढे सरकते. त्यामुळे पात्र पाहताक्षणी ओळखू यावे म्हणून चित्रकार ठरीव खुणांचा आश्रय घेतो. या खुणा एकदा रूढ झाल्या, की त्या कथेपुरत्या राहत नाहीत. वाचकाच्या, विशेषतः बालवाचकाच्या, मनात त्या माणसे ओळखण्याच्या खुणा होऊन बसतात. मराठीतील ‘वर्ण’ या शब्दाचे रंग, चातुर्वर्ण्यातील स्थान व अक्षर असे तीन अर्थ आहेत आणि चित्रकथेत हे तिन्ही एकाच चौकटीत एकत्र येतात : अंगाला दिलेला रंग, त्यावरून सुचविलेली सामाजिक पायरी आणि पात्राला अक्षरांत दिलेले नाव. महाराष्ट्रात, विशेषतः पुण्यात, या तिहींच्या परस्परसंबंधाविषयीचा वाद छापील चित्रकथेहून बराच जुना आहे.

भारतीय चित्रपरंपरेत अंगाचा रंग हा मुळात वंशवाचक नव्हता. कृष्ण, राम व विष्णू निळे वा सावळे, शिव कर्पूरगौर, ही कांती म्हणजे त्या त्या देवतेचे लक्षण होय. तीवरून त्यांचे कूळ किंवा प्रदेश ठरत नाही. मराठी संतांचा विठ्ठल सावळाच आहे. महाभारतात द्रौपदीचे एक नाव ‘कृष्णा’ असे असून ते तिच्या वर्णावरूनच पडले आहे. व्यासांनाही कृष्ण द्वैपायन म्हणतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाच्या चित्रकथी परंपरेत एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरून रामायण-महाभारतातील आख्याने गाऊन सांगितली जात. या चित्रांचा संग्रह पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही आहे. त्यांत पात्राची ओळख मुकुट, शस्त्र, डोळ्यांची ठेवण व उभे राहण्याची ढब यांवरून पटते.

वंशवाचक म्हणता येईल असे कांतीचे चित्रण दख्खनमध्ये आढळते ते हबशी सरदारांच्या चित्रांत. निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर (मृ. १६२६) हा जन्माने ॲबिसिनियाचा. हाशिम या चित्रकाराने काढलेल्या मानल्या जाणाऱ्या त्याच्या व्यक्तिचित्रात काळ्या कांतीचा, पांढरा तलम जामा ल्यालेला व धीरगंभीर मुद्रेचा मुत्सद्दी दिसतो. याउलट मोगल दरबारातील अबुल हसन याने इ. स. १६१६ च्या सुमारास काढलेल्या चित्रात बादशाह जहांगीर भाल्यावर खोवलेल्या अंबरच्या मस्तकावर बाण सोडीत आहे. तेथे घुबडाची जोड देऊन काळा वर्ण हेच अमंगलाचे चिन्ह केलेले आहे. प्रत्यक्षात अंबर जहांगीराच्या हाती कधीच लागला नाही. एकच माणूस व एकच वर्ण. पण चित्र कोणासाठी काढले यावर त्या वर्णाचा अर्थ ठरला. पुढील काळातील चित्रकथांच्या विचारातही ही जोडी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

छापील रंगीत चित्रांचा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनी पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा स्थापन केली. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला व पुढे तो पुणे जिल्ह्यातील लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविण्यात आला. या दोन्ही छापखान्यांच्या चित्रांनी देवादिकांची रूपे घरोघर पोहोचविली व ती जवळजवळ कायमची ठरवून टाकली. रविवर्म्यांच्या अनेक पौराणिक नायिका महाराष्ट्रीय पद्धतीची नऊवारी नेसलेल्या, भरघोस केसांच्या व गोऱ्यापान आहेत. देवाचा निळा रंग टिकला. पण मानवी पात्रांत, आणि विशेषतः स्त्रियांत, गौरवर्ण हाच सौंदर्याचा व कुलीनतेचा मानदंड झाला. ‘कृष्णा’ म्हणविणारी द्रौपदीही छापील चित्रांत बहुधा गोरीच दिसते. चित्रकथांच्या चित्रकारांनी बालपणी घराच्या भिंतीवर पाहिली ती हीच चित्रे.

वेशभूषेवरून धर्म वा जमात ओळखण्याची सवय किती फसवी आहे, याचे उदाहरण शिवचरित्राच्या अभ्यासातच सापडते. शिवाजी महाराजांचे म्हणून दीर्घकाळ प्रचलित असलेले एक चित्र वस्तुतः इब्राहिमखान नावाच्या मुसलमान सरदाराचे आहे, असे इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे (१८९४–१९८६) यांनी दाखवून दिले व महाराजांचे विश्वसनीय चित्र १९३३ मध्ये प्रकाशात आणले. असा घोटाळा होऊ शकला याचे कारण उघड आहे. सतराव्या शतकातील दख्खनी दरबारात मराठा व मुसलमान सरदारांचा जामा, कमरेचा पटका व दाढीची ठेवण यांत फारसा भेद नव्हता. पुढे शालेय पुस्तकांतील चित्रांनी व चित्रकथांनी मात्र हिरवा पोशाख, टोकदार दाढी व रागीट डोळे ही ‘यवनी’ पात्राची ओळखीची खूण करून टाकली.

आधुनिक चित्रकथेचे रूप अमेरिकेतून आले व तिच्याबरोबर तेथील वंशचित्रणाच्या रूढीही आल्या. ली फॉक यांच्या मँड्रेक या जादूगाराचा (१९३४) सोबती लोथार हा आफ्रिकेतील राजपुत्र असूनही प्रारंभी चित्त्याचे कातडे पांघरणारा व तोडकेमोडके बोलणारा सेवक म्हणून रंगविला गेला. १९६५ पासून फ्रेड फ्रेडरिक्स यांनी त्याचा पोशाख व भाषा दोन्ही बदलली. तेथील एका प्रसंगाने या प्रश्नाचे गांभीर्य स्पष्ट होते. ‘जजमेंट डे’ या १९५३ मधील चित्रकथेत भेदभाव पाळणाऱ्या यंत्रमानवांच्या ग्रहाची पाहणी करण्यास आलेला अंतराळवीर शेवटच्या चौकटीत शिरस्त्राण उतरवितो व तो कृष्णवर्णीय असल्याचे दिसते. ती कथा १९५६ मध्ये पुन्हा छापण्याच्या वेळी उद्योगाच्या नियंत्रण मंडळाने नायकाचा रंग बदलण्याची मागणी केली. प्रकाशक विल्यम गेन्स यांनी ती धुडकावली व कथा मूळ रूपातच छापली.

या रूढींमागे केवळ पूर्वग्रहच नव्हते, छपाईचे तंत्रही होते. स्वस्त कागदावर पिवळी, तांबडी व निळी या तीन शायांच्या ठिपक्यांनी सर्व छटा साधाव्या लागत व काळ्या शाईने रेषा छापली जाई. पिवळ्या व तांबड्या शायांचे विरळ ठिपके दिले की गोरी कांती होते. ती स्वस्त, स्वच्छ व रेषेला उठाव देणारी असते. सावळी कांती साधण्यासाठी तिसरी, निळी शाई वर चढवावी लागते. ठसे किंचित सरकले तर ती करडी वा हिरवट दिसते, आणि छटा गडद केली तर नाकडोळ्यांच्या बारीक रेषा तिच्यात बुजून जातात. परिणामी सावळ्या पात्राला सूक्ष्म भाव देणे अवघड जाई व चित्रकार ढोबळ ओठ, पांढरे डोळे व मोठे दात यांवर भागवीत. गोऱ्या पात्राला मन मिळाले व काळ्याला मुखवटा, असे जे झाले त्यात या तंत्राचाही वाटा आहे. तथापि तंत्र हे निमित्त आहे, समर्थन नव्हे. निळा कृष्ण याच तीन शायांत सुरेख उतरला, कारण तो सुरेख उतरावा अशी सर्वांचीच इच्छा होती.

महाराष्ट्रात परदेशी चित्रकथांचा मोठा प्रसार झाला तो टाइम्स ऑफ इंडिया प्रकाशनाच्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मुळे (१९६४–९०). ही माला इंग्रजीबरोबर मराठी व इतर भारतीय भाषांतही निघे. तिचा मुख्य नायक फँटम. ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्मिलेला हा गोरा वीर पिढ्यान्‌पिढ्या एका काल्पनिक देशाच्या अरण्यात राहून तेथील जमातींचे रक्षण करतो. मूळ कथेत या देशाचे नाव बंगालवरून बेतलेले होते व तो आशियात असल्याचा भास होई. पुढे तो आफ्रिकेत सरकला. भारतीय आवृत्तीत नावांची डागडुजी करण्यात आली. ‘बंगाला’चा ‘डेंकाली’ झाला, फँटमच्या पित्याचा खुनी ‘रामा’ हा ‘रामालू’ झाला आणि ‘सिंग’ चाचे ‘सिंगा’ चाचे बनले. आपल्याच नावाचे खलपुरुष भारतीय वाचकाला खटकतील, हे संपादकांनी अचूक ओळखले होते. परंतु गोरा वीर एक व त्याच्या कृपाछत्राखालील काळ्या जमाती अनेक, ही मूळ मांडणी तशीच राहिली. तिच्यात खटकण्यासारखे काही आहे असे तेव्हा फारसे कोणाला वाटले नाही. नाव बदलणे सोपे, चौकटीतील उंच-सखल जागा बदलणे अवघड.

मराठी आवृत्तीत फँटमला ‘वेताळ’ हे नाव मिळाले. ही निवड मोठी मार्मिक होय. वेताळ हा महाराष्ट्रात गावोगाव शेंदूर लावून पुजला जाणारा, भूतगणांचा अधिपती असलेला ग्रामदैवत आहे. पुण्यातील एक टेकडी त्याच्याच नावाने ओळखली जाते. कवटीच्या गुहेत राहणाऱ्या, मरत नाही अशी ख्याती असलेल्या घट्ट पोशाखातील युरोपीय वंशाच्या पुरुषाला हे नाव देताच त्याचे परकेपण वाचकाच्या दृष्टीने जवळजवळ नाहीसे झाले. त्याच्या भोवतालचे आफ्रिकी लोक मात्र परकेच राहिले. येथे वंशाचा भेद रंगाने नव्हे, तर नामकरणाने मिटविला गेला आणि तोही एकाच बाजूने. याच मालेत १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी लिहिलेला व गोविंद ब्राह्मणिया यांनी चित्रित केलेला ‘बहादूर’ हा भारतीय नायक आला. केशरी कुडता व जीन्स हा त्याचा वेश कोणत्याही एका प्रांताचा वा जातीचा वाटू नये असा योजलेला दिसतो.

भारतीय विषयांवरील चित्रकथांचे सर्वांत विस्तृत कार्य ‘अमर चित्र कथा’ या मालेने केले. अनंत पै (१९२९–२०११) यांनी १९६७ मध्ये मुंबईच्या इंडिया बुक हाउसतर्फे ती सुरू केली. पुढे तीत चारशेहून अधिक शीर्षके निघाली व मराठीसह अनेक भाषांत त्यांची भाषांतरे झाली. तिच्या प्रमुख चित्रकारांत मराठी कलावंतांचा भरणा लक्षणीय आहे : मालेतील ‘कृष्ण’ काढणारे राम वाईरकर, तसेच पुण्यात राहून काम करणारे प्रताप मुळीक व दिलीप कदम. ‘शिवाजी’ (१९७१) हे पुस्तक बालसाहित्यकार भा. रा. भागवत यांनी लिहिले व मुळीक यांनी चितारले. मुळीक यांची रेषा सामर्थ्यवान आहे. घोड्यांची दौड, वस्त्रांच्या चुण्या व गर्दीची रचना यांत त्यांच्या तोडीचे चित्रकार थोडे आढळतील. पुढे ‘राज कॉमिक्स’च्या ‘नागराज’ला प्रारंभी रूप दिले तेही त्यांनीच, हिरव्या, खवलेदार कांतीचा हा नायक वंशाच्या सर्व खुणांतून एकदमच सुटला.

या मालेतील रंगयोजनेवर मात्र अभ्यासकांनी बरीच टीका केली आहे व ती रास्त आहे. राजे, ऋषी व राजकन्या यांची कांती गुलाबी-गोरी. सेवक, शिकारी, वनचर व गावकरी हे तपकिरी. असुर व राक्षस गडद तपकिरी वा काळसर, स्थूल, केसाळ व सुळे दिसणारे, असा एक क्रम तीत वारंवार आढळतो. देव निळे असल्यामुळे ‘काळा म्हणजे दुष्ट’ हे समीकरण वरवर मोडल्यासारखे वाटते. परंतु निळा व तपकिरी हे रंग वाचकाच्या दृष्टीने वेगवेगळ्या कोष्टकांतले आहेत. निळा रंग दिव्यत्वाचा, तपकिरी रंग शेजारच्या माणसाचा. आपल्या घरातील, वस्तीतील माणसांसारखा दिसणारा पुरुष चौकटीत आला की तो चाकर वा राक्षस असणार, हे ज्या मुलाला न सांगता समजे, त्याच्या दृष्टीने ही बाब केवळ कलाविषयक नव्हती. हा क्रम कोणा एका चित्रकाराने योजून निर्माण केला असे म्हणता येत नाही. रविवर्म्याची चित्रे, अमेरिकन टारझन-कथांतील देहयष्टी, नाटक-सिनेमांची रंगभूषा व छपाईची काटकसर या सर्वांचा तो एकत्रित परिणाम होय.

राक्षस हा कोण, या प्रश्नाचे एक अगदी वेगळे उत्तर पुण्यात जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी या चित्रकथांच्या सुमारे शंभर वर्षे आधी दिले होते. त्यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. जोतीराव व धोंडीबा यांच्यातील संवादाच्या रूपाने तो लिहिलेला आहे. अमेरिकेतील काळ्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना तो अर्पण केलेला असून अर्पणपत्रिकेमागील भूमिका उघड आहे : तेथील गुलाम व येथील शूद्रातिशूद्र यांची अवस्था एकाच जातीची आहे. फुल्यांच्या मते आर्यभट हे बाहेरून आलेले जेते व दैत्य-राक्षस म्हणून पुराणांनी रंगविलेले लोक हे या भूमीचे मूळ रहिवासी व क्षेत्रपती. बळिराजा हा त्यांतील श्रेष्ठ. दशावतारांची मांडणीही त्यांनी आक्रमणाच्या क्रमाने लावली. पुराणे जेत्यांनी लिहिली म्हणून पराभूताला सुळे व शिंगे आली, असा त्यांचा आशय. दिवाळीच्या पाडव्याला ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे म्हणणाऱ्या कुणबी घरांत या आशयाला आधार आधीपासूनच होता.

फुल्यांनी वापरलेला आर्य-अनार्य सिद्धांत हा त्यांच्या काळातील युरोपीय पंडितांचा होता. इंग्रज प्रशासनाने तो पुढे मोजपट्टीवर आणला. हर्बर्ट रिस्ले यांनी १९०१ च्या जनगणनेच्या काळात नाकाच्या निर्देशांकावरून जातींची वंशवार प्रतवारी लावण्याचा प्रयत्न केला. चित्रकथेतील सरळ नाकाचा गोरा राजा व चपट्या नाकाचा काळा सेवक यांच्यामागे या प्रतवारीची अस्पष्ट छाया आहे. ती शास्त्रीय कसोटीवर टिकली नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे (१९०५–७०) यांचा या संदर्भातील अनुभव बोलका आहे. बर्लिन येथे ऑयगेन फिशर या वंशवादी शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करताना कवटीच्या असमात्रतेचा वंशाशी संबंध जुळत नाही, असा गुरूच्या मताविरुद्धचा निष्कर्ष त्यांनी निर्भयपणे मांडला. वि. म. दांडेकर यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील शरीरमापनाचा अभ्यास १९५१ मध्ये प्रसिद्ध केला.

बाबासाहेब आंबेडकर यांनी फुल्यांना गुरुस्थानी मानले. पण वंशाचा सिद्धांत नाकारला. शूद्रांविषयीच्या १९४६ मधील व अस्पृश्यांविषयीच्या १९४८ मधील इंग्रजी ग्रंथांत त्यांनी आर्य वंश व त्याची स्वारी यांवरील मतांचे खंडन केले आणि अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात नाही, असे प्रतिपादन केले. ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे असतील, तर त्यांतील एकाला गोरा व दुसऱ्याला काळा रंगविणे हे वास्तवदर्शनही ठरत नाही. ती सरळसरळ सामाजिक शिक्कामोर्तबाची कृती ठरते. फुले व आंबेडकर यांच्यातील हा मतभेद चित्रकारापुढेही एक पेच उभा करतो. राक्षसाला काळा ठेवून त्याला नायक करावे, की रंगाची ही वाटणीच मोडावी? दोन्ही मार्ग पुढे चोखाळले गेले.

‘अमर चित्र कथा’ने आंबेडकरांवरील पुस्तक १९७९ मध्ये काढले; संहिता एस. एस. रेगे यांची व चित्रे दिलीप कदम यांची. राजे व संत यांनी भरलेल्या मालेत अस्पृश्यतेचा प्रत्यक्ष अनुभव चित्रांत मांडणारे हे पुस्तक वेगळे उठून दिसते. महाराष्ट्रातील घराघरांतील तसबिरींनी तोवर आंबेडकरांचे एक रूप ठरवून टाकलेच होते : निळा सूट, चष्मा, हाती संविधानाचा ग्रंथ. येथे ओळख पटते ती कांतीवरून नव्हे, तर स्वतः निवडलेल्या वेशावरून. आणि तो वेश ज्यांना शतकानुशतके वस्त्रांवरही निर्बंध सोसावे लागले त्यांच्या प्रतिनिधीचा आहे. निळा रंग या चित्रांत देवत्वाच्या कोष्टकातून निघून राजकीय अस्मितेच्या कोष्टकात आला.

रंगाबरोबर नावांचाही इतिहास आहे. आफ्रिकी वंशाच्या माणसाला मराठीत ‘हबशी’ वा ‘सिद्दी’ म्हणत. हे शब्द जंजिरा व अहमदनगरच्या इतिहासातून आलेले असल्यामुळे त्यांना सरदारकीचाही वास आहे. इंग्रजीच्या प्रभावाने विसाव्या शतकात ‘निग्रो’ हा शब्द पाठ्यपुस्तके, कोश व भाषांतरित चित्रकथा यांत सर्रास आला व कालांतराने त्याची जागा ‘कृष्णवर्णीय’ या शब्दाने घेतली. देशांतर्गत नामाभिधानेही अशीच पालटली : ‘अस्पृश्य’, ‘हरिजन’, ‘दलित’. यांतील शेवटचे नाव संबंधितांनी स्वतः स्वीकारलेले असल्याने त्याचे मोल वेगळे. या दोन शब्दमालिका एका ठिकाणी अनपेक्षितपणे भेटतात. अमेरिकन चित्रकथांतील पहिला आफ्रिकी महानायक ‘ब्लॅक पँथर’ जुलै १९६६ मध्ये अवतरला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तेथे त्याच नावाचा राजकीय पक्ष निघाला. या पक्षाच्या धर्तीवर नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले प्रभृतींनी १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन केली. पुण्याहून निघणाऱ्या ‘साधना’ साप्ताहिकातील ढाले यांच्या ‘काळा स्वातंत्र्यदिन’ या लेखाने त्याच वर्षी मोठे वादळ उठविले. गंमत अशी, की राजकीय पक्षाशी घोटाळा नको म्हणून प्रकाशकांनी आपल्या नायकाचे नाव १९७२ मध्येच काही काळ ‘ब्लॅक लेपर्ड’ केले. अमेरिकेतील चित्रकथेला जे नाव जड झाले, ते मुंबईतील तरुणांनी अभिमानाने उचलले.

प्रादेशिक ओळखीचा प्रश्नही असाच नाजूक आहे. आर. के. लक्ष्मण (१९२१–२०१५) यांना प्रारंभी व्यंगचित्रातील जनता दाखविताना बंगाली, तमिळ, पंजाबी, राजस्थानी अशा अनेकांची गर्दी काढावी लागे. ती कमी करीत करीत धोतर व चौकड्यांचा कोट घातलेला एकटा ‘कॉमन मॅन’ उरला. तो कोणत्या भाषेत विचार करतो हे कळू नये, यातच त्याचे यश आहे. अर्थात तो बोलतच नाही. लक्ष्मण यांचे अखेरचे वास्तव्य पुण्यात होते व तेथे या पात्राचा पुतळाही आहे. याच्या उलट टोकाला २००४ मधील ‘स्पायडरमॅन : इंडिया’ ही चित्रकथा उभी आहे. शरद देवराजन, सुरेश सीताराम व जीवन कांग यांच्या या कथेत खेड्यातून मुंबईस आलेला पवित्र प्रभाकर हा मुलगा कोळीवीर होतो. अमेरिकन पोशाखाखाली धोतर नेसवून त्याला ‘भारतीय’ केले आहे. मुंबईतील शाळकरी मुलाने धोतर नेसावे ही कल्पना परदेशी वाचकाला पटेल, दादरच्या वा कोथरूडच्या वाचकाला ती नाटकी वाटते. ‘भारतीय’ ही चिठ्ठी भारताबाहेर उपयोगी पडते. भारतात मात्र गाव, भाषा व आडनाव विचारल्याखेरीज कोणाचे समाधान होत नाही, आणि नेमके तेच या पात्राला नाही.

रंगाची वाटणी मोडण्याचा सर्वांत लक्षणीय प्रयत्न ‘भीमायन’ (२०११) या ग्रंथात आढळतो. दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने काढलेल्या या चित्रकथेची चित्रे दुर्गाबाई व्याम व सुभाष व्याम या मध्य प्रदेशातील परधान गोंड कलावंतांची असून संहिता श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांची आहे. आंबेडकरांचे बालपणी साताऱ्याहून वडिलांकडे जातानाचे हाल, बडोद्यातील निवाऱ्याचा प्रसंग व महाडचा १९२७ चा सत्याग्रह हे त्यातील मुख्य विषय होत. चित्रकारांनी चौकटी जवळजवळ टाकूनच दिल्या आहेत. माणसे कोंडली जाऊ नयेत, ही त्यांची त्यामागील धारणा. गोंड पद्धतीप्रमाणे सर्व पात्रे एका बाजूने दिसतात, डोळा मोठा असतो व अंगे रेषा-ठिपक्यांच्या नक्षीने भरलेली असतात. त्यामुळे कांतीवरून सवर्ण कोण व अस्पृश्य कोण हे सांगता येत नाही. भेद दाखविला आहे तो बोलण्यात : सहृदय बोल पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात, तर जातीचे विष असलेले बोल विंचवाची नांगी असलेल्या फुग्यात. माणूस काय दिसतो यापेक्षा काय बोलतो यावर त्याची ओळख ठरविणारी ही युक्ती आहे.

दुसरा मार्ग, म्हणजे राक्षसालाच नायक करण्याचा, त्याच वर्षी त्याच प्रकाशनाच्या ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ या चित्रकथेने घेतला. श्रीविद्या नटराजन यांची संहिता व अपराजिता निनान यांची चित्रे असलेले हे पुस्तक ‘गुलामगिरी’वर आधारलेले आहे. ते कृष्णधवल असल्याने तीन शायांचा जुना पेच येथे उद्भवतच नाही. एकोणिसाव्या शतकातील पुणे, जोतीराव व सावित्रीबाई, पुराणांतील अवतार आणि अमेरिकेतील वर्णद्वेष्टे हे एकाच पानावर शेजारी येतात. मूळ अर्पणपत्रिकेतील तुलना अशा रीतीने चित्रांत उतरली आहे. त्यातील उपरोध काही ठिकाणी मूळ ग्रंथापेक्षाही भडक झाला आहे, पण तो फुल्यांच्या शैलीशी विसंगत नाही. पुण्यात मराठीत लिहिल्या गेलेल्या ग्रंथाची ही चित्रकथा १३८ वर्षांनी दिल्लीहून इंग्रजीत निघाली.